ऐकलंत का?

नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही, हे मला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आईला कधी तशी हाक मारताना ऐकलं नाही, म्हणून मीही मारली नाही. लग्नानंतरचे पहिले काही दिवस मी हाकच मारत नसे. ते ज्या खोलीत असतील तिथे जाऊन नुसती उभी राहायची. मग हळूहळू तोंडात बसलं ते पुष्कळ घरांत असतं तेच दोन शब्दांचं बोलावणं, "ऐकलंत का?" त्यात खरं तर प्रश्न नसतो. पुढे काही सांगायचं असतं, त्याआधी दारावर टिचकी मारावी तसं ते असतं. समोरून "हं" आलं की पुढचं बोलायचं.

आमच्या समोरच्या दारातली गुजराती शेजारीण तिच्या नवऱ्याला "सांभळो छो?" म्हणते. अर्थ तोच. ऐकताय ना?

हे गेले त्याला वर्ष होत आलं. अजूनही मी स्वयंपाकघरातून अर्धी हाक मारते. "ऐ"पर्यंत येते आणि थांबते. आमच्या संसाराच्या शेवटच्या काही वर्षांत मला दुसरं फारसं काही नको होतं. त्या हाकेला त्यांच्याकडून पुन्हा "हं" यावं, एवढंच.

ते वाहतूक पोलिसात हवालदार होते. नोकरीची बहुतेक वर्षं सुरतेत गेली, आणि त्यातली बरीचशी रिंग रोडवरच्या एका पुलाखालच्या चौकात. कापडाच्या गाठोड्यांनी कमानीसारखे फुगलेले टेम्पो, सिटी बसगाड्या, रिक्षा, मोपेड, सगळं तिथून जायचं. "पुलाखाली आवाज मुक्कामाला येतो," ते म्हणत. वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज खाली उतरतो आणि खालच्याला वर जायला वाट नाही. पूर्वी सुरतेत लाल दिव्याला कोणी फारसं जुमानत नसे. अलीकडे लोक थांबायला लागले, पण थांबलेला माणूस हॉर्नवर अंगठा ठेवूनच थांबतो. "आधी निदान वाजवत निघून तरी जायचे," ते म्हणायचे, "आता उभे राहून वाजवतात. प्रगती आहे."

संध्याकाळी घरी आले की कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतं म्हणत, आणि स्वतः मोठ्याने बोलत. सकाळी पुन्हा सगळं ठीक. "रात्री झोपलं की कान उघडतात," असं ते एखाद्या दुकानाच्या शटरबद्दल सांगावं तसं सांगत. कित्येक वर्षं ते खरंही होतं. मग सकाळपर्यंत कान उघडेनासे झाले, सुट्टीच्या दिवशी उघडू लागले. पुढे सुट्टीलाही पुरते उघडेनात. यावर त्यांचं म्हणणं असं की एका दिवसाची विश्रांती पुरत नाही, रिटायर झालो की उघडतील. मलाही ते पटलं होतं. त्यांचे पाय दुखायचे ते टेकले की राहत, डोळे चुरचुरायचे ते धुतले की निवत. कानांचंही तसंच असणार.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवायचे. वर्गातली बरीच मुलं खानदेशातून सुरतेतल्या उधन्याला कामाला आलेल्या घरांतली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्या तासाला पुस्तकातलं मराठी, असा त्यांचा दिवस. माझा आवाज मुळातच बारीक. वर्ग गप्प करायचा तर मी आवाज चढवत नसे, आणखी उतरवत असे. काय म्हणतायत बाई, म्हणून मुलं पुढे झुकत आणि आपोआप शांत होत.

घरी मी त्यांना वाचून दाखवायचे. ही सवय कधी लागली ते नीट आठवत नाही. त्यांना पुस्तकं आवडत, पण स्वतः वाचायला घेतलं की दोन पानांत डोळा लागे. मी वाचलं तर जागे राहत. म्हणून सुट्टीच्या दुपारी ते दिवाणावर पडायचे आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचायचे. प्रवासवर्णनं त्यांच्या विशेष आवडीची. "रोज मी उभा असतो आणि गाव जातं," ते म्हणत. "एक दिवस गाव उभं राहू दे, मी जातो." डोळे मिटलेले असले तरी लक्ष पक्कं असे. मध्येच चूक काढत, "मघाशी बोट चार दिवसांत पोचणार म्हणालीस, आता आठवडा कसा झाला?" मग मला दोन पानं मागे जाऊन बघावं लागे. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं.

त्यांच्या कानांचं काही बिघडलंय हे इतके दिवस कसं लपलं, याचं मला पुढे नवल वाटायचं. आता वाटत नाही. एक प्रसंग सांगते. भाजीवाली खाली उभी होती आणि काय घ्यायचं ते विचारायला मी दारातून आत तोंड करून हाका मारत होते. "ऐकलंत का? अहो, ऐकलंत का?" शेजारीण तिच्या उंबऱ्यात बसून पापडीच्या शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "रहेवा दो, बेन. मारा तो परण्या त्यारना नथी सांभळता." म्हणजे, राहू द्या, माझे तर लग्न झाल्यापासून ऐकत नाहीत. तिचा नवरा टेम्पो चालवतो, मार्केटमधून पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड नेतो आणि रंगवलेलं परत आणतो. तो आत मोठ्या आवाजात टीव्ही लावून जेवत होता. आम्ही दोघी मनापासून हसलो. मी माझ्या मनाने पाव किलो गवार घेतली.

हा विनोद जिन्यातल्या सगळ्याच बायकांचा होता, आणि आमच्या आयांचाही असणार. बायकोच्या हाकेला ओ न देणं हा नवऱ्यांचा स्वभाव समजला जातो. त्याला आजार कोण म्हणणार?

ते रिटायर झाले. शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांचे कान उघडण्याची वाट बघू लागलो. आम्ही म्हणजे दोघंही, पण त्याबद्दल एकमेकांशी न बोलता. सकाळी ते गॅलरीत बसायचे. एकदा म्हणाले, "या चिमण्या हल्ली नुसत्या चोची उघडमीट करतात." मी म्हटलं, "ओरडतायत की!" ते माझ्याकडे बघून हसले. पुण्याहून लेकीचा फोन आला तर पहिलं "कशी आहेस" झालं की फोन माझ्याकडे द्यायचे. "घे, तिला तुझ्याशीच बोलायचंय." तिकडून लेक म्हणायची, "आई, बाबा रागावलेत का माझ्यावर?"

वाचन आता रोज होऊ लागलं. आणि एक बदल झाला. ते दिवाणावरून उठून माझ्या समोर खुर्ची घेऊन बसू लागले. म्हणायचे, "पुस्तक जरा खाली धर. तुझं तोंड दिसू दे."

तीस वर्षांच्या संसारात असलं काही ते कधी बोलले नव्हते. मी लाजलेच. आता रिकामपण आलंय तर माणसाला सुचतंय, असं वाटलं. पुस्तक खाली धरून, दर ओळीला मान वर करून वाचू लागले. मान दुखायची, पण मी कधी तक्रार केली नाही.

मग एका दुपारी पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती माझ्याकडून एकदम उलटली गेली. मघापर्यंत वाळवंटात उंटांवरून चाललेली माणसं एकाएकी बंदरात सामान उतरवू लागली. माझ्या लक्षात आलं आणि मी थांबले. ते मान डोलवत होते.

"अहो, मध्ये काही राहिलं का?"

"नाही, नाही. छान चाललंय."

बोटीच्या दिवसांचा हिशेब विचारणारा माणूस उंटांचं काय झालं ते विचारत नव्हता. मी पुस्तक उचललं, चेहऱ्यासमोर धरलं आणि नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या चालीत म्हटलं, "आज आमटीत मीठ घालायचं राहिलं आणि समोरच्यांच्या घराला आग लागली आहे."

पुस्तकाच्या पलीकडे काहीच हललं नाही. मी पुस्तक खाली घेतलं. ते हसून म्हणाले, "वा!"

ते हसू मी पुष्कळ दिवस बघत होते. वाक्य संपलं हे माझ्या ओठांवरून कळलं की ते चेहऱ्यावर येत असे.

"काय वाचलं मी आत्ता?"

"तू वाचलंस ते."

"म्हणजे काय?"

"माले समदं ऐकू येस!" ते एकदम अहिराणीत म्हणाले. त्यांच्या आईशी ते अहिराणी बोलत. ती गेल्यावर फक्त चिडले की बोलत. मग त्यांनीच माझ्या मांडीवरचं पुस्तक उचलून मिटलं आणि मराठीत म्हणाले, "आवाज येतो गं. शब्द येत नाही."

कानाच्या डॉक्टरकडे एका काचेच्या छोट्या खोलीत तपासणी झाली. कानांवर मोठे हेडफोन लावून त्यांच्या हातात एक बटण दिलं. टू टू ऐकू आलं की दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर बसली होती, मी तिच्या शेजारी. ते सारखं बटण दाबत होते. मला बरं वाटलं. मुलगी म्हणाली, "काकी, मी अजून आवाज सोडलेलाच नाही." त्यांच्या कानात आपोआपच एक बारीक किणकिण चालू असायची, त्यालाच ते दाद देत होते. ती वर्षानुवर्षं चालू होती, आणि सगळ्यांच्याच कानात असते असं ते समजत होते.

मुलीने नीट समजावून सांगितलं. खर्जातले, जाड आवाज त्यांना बऱ्यापैकी येत होते. बारीक आवाज गेले होते. बोलण्यात स, श, च, त, क असली अक्षरं त्या बारीक आवाजात असतात. ती गळली की वाक्याची नुसती घरघर उरते. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी हरवतात. चौकातल्या गोंगाटाने कानाच्या आतलं जे झिजलं, ते विश्रांतीने भरून येत नाही.

"म्हणजे ट्रक ऐकू येणार, बायको नाही," ते म्हणाले. मुलगी हसू की नको अशी माझ्याकडे बघू लागली.

"ड्युटीवर कानात काही घालत नव्हतात का? बोळे वगैरे?"

"बोळे घातल्यावर मागून येणारी बस कशी कळणार?" ते म्हणाले. "आणि लोकांनी व्हिडिओ काढला असता, हवालदार गाणी ऐकत उभा आहे म्हणून."

हे सगळं त्यांनी तिच्या ओठांकडे बघत ऐकलं. येताना रिक्षात मला बोलायचं असतं तर ओरडावं लागलं असतं, आणि मला तेच नको होतं. गॅस संपलाय, दार लावा, औषध घेतलं का, हे ओरडून सांगता येतं. आम्ही एकमेकांशी जे बोलायचो ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. उंटांबद्दल कोण ओरडेल?

कानामागे लावायचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यांनी ते लावलं, मी वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि ते दचकून उठले. कुकर, बादली, नळ, स्वतःचं चावणं, सगळं एकाच वेळी त्यांच्यावर धावून आलं. "हे तर चौकच घरात आणून ठेवलाय," म्हणाले, आणि डबीत घालून ठेवलं. नीट बसलं नाही की ते यंत्र बारीक शिट्टी घालायचं. ती त्यांना स्वतःला ऐकू येत नसे. मी हातातलं टाकून धावत यायचे. त्यावर ते म्हणत, "मी आयुष्यभर शिट्टी मारली, एक मोपेडवाला थांबला नाही. याने मारली की तू पळत येतेस."

चार दिवस डबी बंद राहिली. पाचव्या दिवशी दुपारी मी माझ्या खुर्चीत बसले, पण पुस्तक उघडलं नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि डबी घेऊन आले.

मुलीने सांगितलं होतं की आधी शांत जागी, थोडा थोडा वेळ. आमच्या घरात शांत जागा म्हणजे खिडकी लावून आणि पंखा बंद करून जी होईल ती. पंख्याची घरघर यंत्रातून त्यांना बसच्या इंजिनासारखी यायची. दिवस मे महिन्याचे. सुरतेच्या मे महिन्यात खिडकी लावून, पंखा बंद करून आम्ही दोघं समोरासमोर घाम पुसत बसायचो. एकदा शेजारीण दही मागायला आली आणि दारातच थबकली. "तमारे लाईट गई छे?"

"ना, बेन," मी म्हटलं, "आम्ही वाचतोय." तिने आमच्याकडे जे बघितलं, त्याचं मला अजून हसू येतं.

आम्ही तेच पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. एक वाक्य वाचायचं, त्यांनी ते म्हणायचं, चुकलं तर पुन्हा. मी पहिलीच्या वर्गाला कधी शिकवलं नव्हतं, ते तेव्हा शिकवलं. "तट"चं "वट" व्हायचं, "साखर"चं "माकड". वाळवंटातल्या मुक्कामावर प्रवाशांनी चहात माकड घातलं तेव्हा आम्हाला इतकं हसू आलं की त्या दिवशी पुढे वाचणं झालंच नाही. काही दिवस ते चिडत. डोकं दुखतं म्हणत, यंत्र काढून गॅलरीत जाऊन बसत. दुसऱ्या दुपारी मात्र पंखा तेच बंद करायचे.

पावसाळा सरता सरता मी एकदा त्यांच्याकडे पाठ करून फोडणीला मोहरी टाकत होते. ते बाहेरच्या खोलीत होते. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "ऐकलंत का?" गेली काही वर्षं मी ही हाक उत्तराची अपेक्षा न करता मारायचे. मारून झाली की हात पुसून बाहेर जायचे.

"हं," बाहेरून आलं.

मी तशीच उभी राहिले. मोहरी जळली.

"अगं, ऐकलं. काय म्हणतेस?"

काय म्हणायचं होतं ते मला आठवेना. मी म्हटलं, "काही नाही."

"मग बोलावलंस कशाला?" ते म्हणाले. आमच्या घरातलं ते जुनंच भांडण होतं, आणि मला ते पुष्कळ वर्षांनी परत मिळालं होतं.

तरी समोर बसून "तुझं तोंड दिसू दे" म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. मी एकदा म्हटलं, "आता कशाला? आता येतं ना ऐकू?"

"तेव्हा कामासाठी म्हणत होतो," ते म्हणाले.

असा आम्हाला वर्षाहून थोडा जास्त काळ मिळाला. मग एका सकाळी चहा पिता पिता ते गेले. हृदयाचं होतं, कोणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. यंत्र कानातच होतं. आवरताना कोणीतरी ते काढून माझ्या हातात दिलं आणि मुठीत बंद झाल्यावर ते शिट्टी घालू लागलं. घर माणसांनी भरलेलं होतं. ते बंद कसं करायचं हे मला एकटीलाच माहीत होतं.

परवा, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला सगळं सुरत घारी खातं तशी समोरच्यांनीही आणली. आमच्याकडे यंदा गोड आणायचं नव्हतं, म्हणून नवराबायको दोघं ताट घेऊन आले. भाई आमच्या ह्यांच्या खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून, पाठ वळवता वळवता विचारलं, "भाई, चा लेशो ने?"

उत्तर नाही.

"रहेवा दो, बेन," शेजारीण हसली. "मारा तो परण्या त्यारना नथी सांभळता."

मी हसले नाही. परत येऊन भाईंच्या समोर उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते, पण डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ती नजर मी ओळखते. "चा?" मी पुन्हा म्हटलं. "हा, हा, चाले," ते लगेच म्हणाले.

मी खिडकी लावली आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"लाईट गई?" भाईंनी मान वर करून विचारलं.

मी शेजारणीला जवळ बोलावलं आणि भाईंच्या खुर्चीमागे उभं केलं. म्हटलं, त्यांना हाक मारा. रोज मारता तीच. ओरडायचं नाही.

"आ शुं, बेन," हे काय भलतंच, म्हणत ती लाजली. मग पदर सावरून म्हणाली, "सांभळो छो?"

भाई पंख्याकडे बघत होते.

"सांभळो छो?" तिने पुन्हा म्हटलं. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, आवाजातून गेलं होतं.

आमचा पंखा जुना आहे, थांबायला वेळ घेतो. तो पुरता थांबला, खोलीत काहीच वाजेना, तेव्हा तिने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी तो प्रश्न होता.

आम्ही दोघी आपल्याकडे बघतोय हे भाईंच्या लक्षात आलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग मागे वळून बायकोकडे पाहिलं आणि हसून मान डोलावली. "हा, हा," ते म्हणाले. "बराबर छे."

शेजारणीने माझा हात धरला. मी तिला म्हटलं, सोमवारी टेम्पो काढू देऊ नका. त्या काचेच्या खोलीबाहेर मी तुमच्याशेजारी बसेन.